पाण्याच्या खात्यात

आमचं केंद्र म्हणजे एक पोर्टाकॅबिन,
अल ऐनला, जबल हफीतच्या पायथ्याशी, झाखरच्या तळ्यावर.
दोन वर्षांत दोनदा क्रेननं उचलून पुढं ठेवली.
तळं आत सरकतं, आम्ही त्याच्या मागं जातो.
जुन्या जागी आता मिठाचा पापुद्रा
आणि सिमेंटचे चार ठोकळे,
त्यांतल्या एकावर बसून जरवली चौकीदार खुबूस खातो.

सकाळी सहाला मी पाण्यात उतरते.
कमरेपर्यंत रबरी बूट, गळ्यात पेन्सिल,
कारण पेननं लिहिलेलं घामानं फुटतं.
काळीपांढरी तबकडी दोरीनं खाली सोडायची,
दिसेनाशी झाली की दोरीवरच्या गाठी मोजायच्या.
चाळीस सेंटीमीटर. गेल्या वर्षी पंचावन्न.
खारेपणाच्या मीटरला मैथा म्हणते आत्या.
तिची एक आत्या आहे म्हणे,
लग्नघरातसुद्धा खरंच बोलते.

इथं तळं नव्हतंच मुळी.
शहरानं आंघोळी केल्या, भांडी विसळली, साखळ्या ओढल्या,
ते पाणी गाळून, निवळून इकडे सोडलं
आणि वाळूला झेपलं नाही.
एवढीच उत्पत्ती. ऋषी नाही, शाप नाही.
मग कुणी न लावता लव्हाळा आला,
लाल पायांचे शेकाट्या आले,
टिबुकली, थापट्या,
आणि नोव्हेंबरात रोहित:
एकशे चौदा, मी तीनदा मोजले.
मैथाचे एकशे अकरा.
वहीत दोन्ही आकडे आहेत.

पहिल्यांदा जाळ्यात मासा आला
तेव्हा डॉक्टर हारिबनी त्याचं लॅटिन नाव सांगितलं.
मी म्हटलं, चिलापी.
काय?
चिलापी. आमच्या उजनीत हीच.
आई भिगवणच्या बाजारात हिचीच खवलं काढते.
तिथलं पाणीही मूळचं नव्हे,
खाली आजोळ आहे,
मे महिन्यात देवळाचा कळस श्वास घ्यायला वर येतो.

बाबा इथं एकोणीस वर्षं होते.
घरी सांगायचे, पाण्याच्या खात्यात आहे.
आम्हाला वाटायचं नळ, टाक्या, निळा गणवेश.
सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस
सारखे हात धुवायचे.
आम्ही म्हणायचो, गल्फची सवय.

मार्चमध्ये प्रवाहाच्या जुन्या नोंदी शोधत
मी सांडपाण्याच्या प्लांटवर गेले.
रजिस्टर. रात्रपाळी. गाळण टाकी क्रमांक तीन.
गढूळपणा, क्लोरीन,
आणि खाली सही: टी. बी. नगरे.
टी-ची आडवी रेघ छपरासारखी लांब,
माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची तशीच.
पान उलटलं. पुन्हा नगरे. पुन्हा रात्रपाळी.
बेन्सन म्हणाला, ओळखीचे?
मी म्हटलं, मला फक्त आकडे हवेत.

फोनवर विचारलं नाही. सांगितलं फक्त,
बाबा, तुमच्या पाण्यावर रोहित येतात.
बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाले, तेव्हा काही नव्हतं गं,
नुसती वाळू ओली व्हायची.
मग म्हणाले, जेवलीस?

आता शहर शहाणं झालंय.
ते पाणी खजुरांना जातं, दुभाजकावरच्या पेटुनियाला जातं.
चूक नाही त्यात, मैथाचा प्रबंध त्याच बाजूचा आहे.
माझा कुठल्या बाजूचा, ठरत नाही.
मोजपट्टीवरचा शून्य उघडा पडलाय,
पाणी त्याच्या खाली,
म्हणून हल्ली उणे लिहावं लागतं.
उणे चार. उणे सात.
जरवली विचारतो, बेटी, सगळं आटलं तर मोजणार काय?
मी म्हणते, तेच.
त्याला पटत नाही. मलाही पुरतं नाही.

उद्या क्रेन येईल, तिसऱ्यांदा.
बाटल्या जुन्या ओढणीत गुंडाळून खोक्यात भरतेय:
तारीख, वेळ, खोली,
नमुना घेणाऱ्याचं नाव.
एकीचं झाकण सैल राहिलं होतं,
आत हिरवं काहीतरी धरलंय.
नियमानं ओतून द्यायला हवी.
खिडकीत ठेवलीय.